शेजार मागायला

हाखेवेल्ड, नेदरलँड्स
९ ऑक्टोबर २०१६

प्रिय चारू,

तुला मी व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक केलं आहे. तुझ्या ते अजून लक्षात आलेलं नसेल, कारण रोज सकाळी गुलाबाचं फूल पाठवणारा माणूस उत्तराची वाट बघत नसतो. मावशीचा मुलगा म्हणून बरेच दिवस सहन केलं. पण परवाच्या गुलाबाखाली ‘आयुष्य एक प्रवास आहे’ असं छापलेलं होतं. तेव्हा ठरवलं, याच्याशी आता कागदावर बोलायचं. कागदावर माणसाला निदान स्वतःचं वाक्य लिहावं लागतं.

तर बातमी अशी, की आम्ही रॉटरडॅम सोडलं. हेंक निवृत्त झाला आणि त्याला वाटायला लागलं की आपण खेड्यात राहावं. या वयात डच नवऱ्यांना हे होतं. आपल्याकडच्यांना अध्यात्म होतं. त्यापेक्षा खेडं बरं म्हणून मी हो म्हटलं. हाखेवेल्ड ही पाच-सहा वाड्यांची मिळून एक ग्रामपालिका आहे. आमचं जुनं शेतघर अगदी कडेला. घरामागे कोंबड्या, कोंबड्यांमागे मका, मक्यामागे जर्मनी. सीमा म्हणजे गुडघ्याएवढा एक दगड. आमच्या कोंबड्या रोज सकाळी परदेशात जातात आणि अंडी घालायला मायदेशी येतात.

आपण निपाणीची माणसं. आपल्याला सीमा म्हटलं की मोर्चा, काळे झेंडे आणि बंद दुकानं आठवतात. आपले आजोबा मुंबई राज्यात झोपले आणि सकाळी म्हैसूर राज्यात उठले. ‘मी कुठंबी गेलो न्हाई, गावच गेलं,’ असं मरेपर्यंत सांगत होते. इथे त्या दगडावर कुत्रा तंगडी वर करतो आणि दोन्ही देशांत कोणाच्या भावना दुखावत नाहीत. मला पहिला आठवडा फार चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

तक्रार एकच. एप्रिलपासून इथे आहोत, पण एकाही शेजाऱ्याने ‘या’ म्हटलेलं नाही. पडदे सताड उघडे, आत कोण काय जेवतंय ते रस्त्यावरून दिसतं. मी मान हलवते, ते मान हलवतात, संपलं. निपाणीत नवं बिऱ्हाड आलं की संध्याकाळपर्यंत तीन घरांतून डबे यायचे आणि त्या डब्यांबरोबर चौकशीही. इथे चौकशीसुद्धा नाही. मीही कोणाकडे गेलेली नाही. बोलावल्याशिवाय जायचं नाही, हे माझ्या आईने शिकवलं, तुझ्याही आईने तेच शिकवलं, दोघी बहिणीच.

तुझा राजस कसा आहे? मी शीलाला फोनवर विचारलं तर ‘बरा आहे’ म्हणाली आणि लगेच हवामानाकडे वळली.

तुझी
लताताई

*

विंडसर, ओंटारिओ
२७ नोव्हेंबर २०१६

तीर्थस्वरूप लताताईस साष्टांग नमस्कार. (गुडघे बघता अर्धाच समज.)

ब्लॉकची बातमी वाचून वाईट वाटलं. म्हणजे इतके दिवस माझे गुलाब वाऱ्यावर जात होते. असो.

तू केलंस ते योग्यच केलंस. बोलावल्याशिवाय जायचं नाही. आपल्याकडे दुसरं काही शिल्लक राहिलं नसेल, पण मान शिल्लक आहे.

राजसबद्दल विचारलंस म्हणून सांगतो. पोरगं इथे वाढलं, इथे शिकलं, आणि नोकरी लागली नदीपलीकडे डेट्रॉइटमध्ये, मोटारींच्या सॉफ्टवेअरमध्ये. हरकत नाही. मी आयुष्यभर मोटारींचे साचे बनवले, त्याने मोटारींचा मेंदू बनवावा, प्रगतीच आहे. विंडसरची अर्धी माणसं सकाळी नदीखालच्या बोगद्यातून कामाला जातात आणि संध्याकाळी घरी येतात. मला वाटलं हाही येईल. त्याच्यासाठी बेसमेंट करून घेतलं. वेगळं दार, वेगळं वॉशरूम, पायाखाली गरम होणारी फरशी. लग्न झाल्यावर ऊर्मीला घेऊन खाली राहील, वर आम्ही. त्याने फरशीवर मोजे काढून पाय ठेवला, ‘नाइस, बाबा,’ म्हणाला, आणि पुढच्या महिन्यात डेट्रॉइटला नदीकाठी काँडो, म्हणजे फ्लॅट, घेतला.

तेही मी गिळलं. लग्नानंतर ऑगस्टमध्ये त्याची वास्तुशांत होती. मला वाटलं दोघं येतील, अक्षता देतील, ‘बाबा, तुम्हीच पूजेला बसा’ म्हणतील. मी धोतर इस्त्री करून ठेवलं होतं. काय आलं माहीत आहे? व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज. ‘हाय ऑल, शनिवारी अकराला वास्तुपूजा, नंतर लंच, पार्किंग रस्त्यावर.’ तोही ‘विंडसर-डेट्रॉइट मराठी परिवार’ या ग्रुपवर, जिथे मिसळीचा मसाला आणि विंटर टायर्स विकतात. ‘ऑल’मध्ये बाप येतो का, तूच सांग. शीला म्हणाली, ‘अहो, त्या ग्रुपचे अ‍ॅडमिन तुम्हीच आहात.’ हा मुद्दा नव्हे.

मी गेलो नाही. त्याने बोलावलं नाही, मी गेलो नाही, यात मला तरी काही वावगं दिसत नाही. शीला दर शनिवारी बोगद्याच्या बसने जाते, डबे घेऊन. मी तिला स्टॉपवर सोडतो आणि घ्यायला जातो. तो येत नाही, कारण त्याच्या मते मी रागावलोय. मी रागावलेलो नाही. मी वाट बघतोय.

बाकी मजेत. रोज संध्याकाळी नदीकाठच्या बाकावर जाऊन बसतो, जहाजं बघायला. लोखंडाची माती घेऊन लांबच लांब जहाजं जातात, संथ. निवृत्त माणसाला फार बरं दृश्य आहे. जानेवारीपासून मार्चअखेरपर्यंत मात्र वाहतूक बंद असते, तेव्हा काय करायचं बघू. विंडसरहून अमेरिका उत्तरेला दिसते, हे तुला माहीत आहे का? कॅनडात राहून अमेरिकेकडे बघायचं तर मान उत्तरेला वळवावी लागते. नदीपलीकडे समोरच्या एका इमारतीत वरच्या मजल्यावर कोणी आकाशकंदील लावलाय. दिवाळी होऊन महिना होत आला तरी उतरवलेला नाही. कोणा आळशी मराठी माणसाचं काम दिसतं.

हेंकला नमस्कार. त्याला सांग, कोंबड्यांचे पासपोर्ट काढून ठेव, दिवस बदलताहेत.

तुझा
चारू

*

हाखेवेल्ड
५ फेब्रुवारी २०१७

प्रिय चारू,

तो आळशी मराठी माणूस कोण, ते मला कळलं. तुलाही कळलेलं आहे. पुढे चल.

माझ्या तक्रारीचा निकाल लागला, माझ्या विरुद्ध. झालं असं, की इथे एक स्थानिक इतिहास मंडळ आहे. जुन्या जकात नाक्याच्या चौकीत दर गुरुवारी भरतं. चौकीत हीटर चांगला आहे आणि कॉफी फुकट, म्हणून मी सदस्य झाले. तिथे अध्यक्षीणबाईंनी मला बाजूला घेतलं आणि फार जपून विचारलं, ‘तुम्हा दोघांना आमच्यात मिसळायचं नाहीये का?’

मी म्हटलं, ‘मला कोणी बोलावलंच नाही.’

‘तुम्ही मागितलाच नाहीत,’ त्या म्हणाल्या.

‘काय मागितलं नाही?’

‘शेजार.’

तर ऐक. या भागात शेजार आपोआप होत नाही. नवं बिऱ्हाड आलं की त्याने घरोघर जायचं आणि सांगायचं, आम्ही आलो आहोत, तुम्ही आमचे शेजारी व्हाल का? मुलगी मागतात तसा शेजार मागायचा. मग एका संध्याकाळी सगळ्यांना घरी बोलावून पाजायचं. तिथून पुढे ते तुमचे ‘नोआबर’. तुमच्याकडे बाळ झालं की ते दारावर कमान बांधणार, कोणी गेलं की सगळं तेच करणार. सर्वांत जवळच्या घराचा मान पहिला आणि कामही पहिलं. भांडण असलं तरी चुकवायचं नाही.

हेंकला हे माहीत नव्हतं, तो रॉटरडॅमचा; तिथे शेजाऱ्याचं नाव पाटीवर वाचतात. म्हणजे दहा महिने मी पडद्याआड बसून यांच्या बोलावण्याची वाट बघत होते, आणि गाव पडदे उघडे टाकून माझी. आमचं सर्वांत जवळचं घर दगडापलीकडे आहे, जर्मनीत. तिथला बेर्न्ट म्हणून म्हातारा, त्याने म्हणे आम्ही आलो त्याच आठवड्यात त्या संध्याकाळसाठी जिनची बाटली आणून ठेवली होती. बंद पडून होती. गावात बोलवा झाला होता, इंडियन बाई फार मानी आहे.

‘पण तो तर जर्मनीत,’ मी बाईंना म्हटलं. त्यावर त्यांनी बेर्न्टच्या बापाची गोष्ट सांगितली. युद्ध संपल्यावर इथली सीमा तार लावून बंद केली होती, पहाऱ्यासकट. तेव्हा आमच्याच घरातला म्हातारा वारला. पेटीला खांदा द्यायचा पहिला मान बेर्न्टच्या बापाचा, आणि तो तारेपलीकडे. पहारेकऱ्यांनी सोडायला नकार दिला. बाप हलेना. म्हणाला, मी न उचलता ती पेटी जाणार नाही. शेवटी हवालदार म्हणाला, रेघ ओलांडायला बंदी आहे; रेघेवरून चालण्याबद्दल मला हुकूम नाही. तार तेवढ्यापुरती खाली दाबली आणि माणसं निघाली. तिघं या देशातून, तिघं त्या देशातून, मध्ये रेघेवर पेटी. चर्चच्या वळणापर्यंत. पेटी त्या वेळी नक्की कोणत्या देशात होती, याची नोंद मंडळाच्या वार्षिकात नाही.

मी घरी येऊन हेंकला म्हटलं, कोट घाल. पहिल्यांदा बेर्न्टकडे गेलो. चिखलातून, दगड ओलांडून. दार उघडल्यावर मला डच आठवेना, जर्मन तर येतच नाही. शेवटी मराठीतच तोंडात आलं, ‘आम्ही शेजार मागायला आलोय.’ त्याने आत घेतलं.

हे तुला का लिहिलं ते तुला समजलं असेल.

लताताई

*

विंडसर
३ मार्च २०१७

तीर्थस्वरूप लताताईस,

समजलं. पण तुझ्याच गावाचा कायदा नीट वाच. जो नवा राहायला आला त्याने मागायचं. काँडो नवा कोणी घेतला? राजसने. मी याच घरात अठ्ठावीस वर्षं आहे, ड्राइव्हवेवरचा बर्फ स्वतः शोव्हल करतो. मग कोणी कोणाकडे यायचं? तुझ्या अध्यक्षीणबाईंना विचार. त्या माझ्या बाजूने निकाल देतील.

पेटीची गोष्ट शीलाला वाचून दाखवली. ती भांडी घासता घासता थांबली आणि म्हणाली, ‘तुम्हाला दोन्ही बाजूंनी माणसं मिळतील का, त्याचा विचार करा.’ बायकांना गोष्टीतलं नको तेच सापडतं.

परवा गुढीपाडव्याची मीटिंग झाली मंडळाची. इथलं मराठी मंडळही इतिहास मंडळच आहे, इतिहास सध्या चालू असलेला. समोसे की बटाटेवडे यावर दीड तास गेला. राजस आणि ऊर्मी यंदा नाटकात नाहीत म्हणे. मी विचारलं नव्हतं, कोणीतरी सांगितलं. इथली मुलं पाहिलीस? आपण मराठीत विचारायचं, त्यांनी इंग्रजीत सांगायचं. राजसचं तसं नव्हतं. तो माझ्याशी मराठीतच भांडायचा. आता भांडायलाही मराठी उरली नाही घरात, शीला भांडत नाही, ती फक्त डबे भरते.

थंडी कडक आहे. नदीवर बर्फाचे तुकडे वाहतात. बाकावरचा बर्फ झाडून बसावं लागतं. शीलाने लाल लोकरीची टोपी विणून दिलीय, लांबून दिसावी म्हणून, रस्ता ओलांडताना गाडीखाली येऊ नये म्हणून म्हणते. काल अंधार पडेपर्यंत बसलो, जहाजं बघत. तो कंदील अजून आहे तिथेच. लोकांना विजेचं बिल येत नाही वाटतं.

चारू

*

हाखेवेल्ड
१७ सप्टेंबर २०१७

प्रिय चारू,

उशीर झाला, राग मानू नकोस. इकडे जरा धावपळ होती, ती सांगण्यासारखी नाही. हेंक हल्ली लवकर झोपतो.

तुझा खटला मी अध्यक्षीणबाईंपुढे मांडला. निकाल ऐक. नव्याने मागायचं, हे खरं. पण कायद्याचा दुसरा अर्धा भाग तू वाचला नाहीस: मागितल्यावर दुसऱ्याने यायचं. कसं मागितलं, चिखलाच्या बुटांनी की चकाचक, ते कोणी विचारत नाही. मी तर मराठीत मागितला. तुझ्या पोराने ‘हाय ऑल’ म्हटलं, वाईट म्हटलं, पण म्हटलं. तू गेला नाहीस. बाई म्हणाल्या, आमच्याकडे असं कधी घडलेलं नाही, त्यामुळे शिक्षाही ठरलेली नाही.

आणि मला सांग, मार्चच्या पत्रात तू जहाजं बघत बसला होतास. नोव्हेंबरच्या पत्रात तूच लिहिलं होतंस की मार्चअखेरपर्यंत जहाजं बंद. ही कोणती जहाजं, चारू?

मंडळात या महिन्यात लोण्याची गोष्ट वाचली गेली, ती तुझ्यासाठी. आमच्या ग्रामपालिकेशेजारची एक वाडी युद्धानंतर जर्मनीकडून काढून घेतली होती, नुकसानभरपाई म्हणून. साठनंतर ती परत करायचं ठरलं. परत करायच्या आदल्या संध्याकाळी व्यापाऱ्यांनी लोणी भरलेले ट्रक आणून वाडीच्या रस्त्यांवर उभे केले आणि ड्रायव्हर झोपून गेले. मध्यरात्री वाडी जर्मनीत गेली. लोणी जागचं हललं नाही आणि आयात झालं, जकात न भरता. बेर्न्टला आठवतं, सकाळी सगळी वाडी लोण्याच्या वासाने घमघमत होती. मला आजोबा आठवले. तेही असेच जागच्या जागी आयात झाले, फक्त त्यांच्यात कोणाचा फायदा झाला नाही.

तू त्या लोण्यासारखा बाकावर बसला आहेस. तुला वाटतंय, एका रात्रीत नदी सरकेल आणि पोरगा आपोआप तुझ्या काठावर येईल. तसं एकदाच होतं, आणि त्यासाठी आधी दोन सरकारांना सह्या कराव्या लागतात.

लताताई

*

विंडसर
१४ जानेवारी २०१८

तीर्थस्वरूप लताताईस,

जहाजांचा विषय काढू नये ही विनंती.

बातमी: ३१ मार्चला मला एकसष्टावं लागतंय. शीलाने कम्युनिटी हॉल ठरवलाय. मी म्हटलं, एकसष्टी म्हणजे काय, माणूस आता मोडीत निघाला याची जाहीर घोषणा. ती म्हणाली, घोषणा तर घोषणा, पण राजसला बोलावल्याशिवाय मी त्या हॉलमध्ये पाऊल टाकणार नाही. मी म्हटलं, बोलावतो की. त्याच ग्रुपवर टाकतो, ‘हाय ऑल, बापाची एकसष्टी, पार्किंग रस्त्यावर.’ ती बेसमेंटमध्ये जाऊन बसली. तिथली फरशी गरम असते. आम्ही दोघंही हल्ली आळीपाळीने जाऊन बसतो.

ताई, मेसेज टाइप करून ठेवलाय. पाठवायला बोट उठत नाही. म्हणजे ‘ऑल’ असं लिहिलं की त्यात तो येतो हे मला आता दिसतं, पण नेमका तोच येत नाही, हेही दिसतं. त्याला लिहिताना असंच झालं असेल का?

जाऊ दे. तुम्ही दोघं याल का मार्चमध्ये? हेंकला सांग, तुझी झोप इकडे येऊन काढ, खाली खोली आहे, आणि विंडसरला लोक त्याच्याहून लवकर झोपतात. कोंबड्यांना बेर्न्टकडे ठेव, त्यांना जर्मनीची सवय आहेच. हेंकने मला एकदा स्केट्सवर उभं करायचं कबूल केलं होतं. आता गुडघे गेले, तेव्हा तोच उभा राहील, मी बाकावरून टाळ्या वाजवीन. नक्की सांग त्याला.

चारू

*

हाखेवेल्ड
२६ जानेवारी २०१८

प्रिय चारू,

तुझं पत्र आज आलं. हेंकला सांगायला उशीर झाला. तो नऊ तारखेला गेला.

उन्हाळ्यात कळलं होतं. मी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तू विनोद थांबवला असतास, आणि तुझी पत्रं मी त्याला डचमध्ये सांगायचे, तो हसायचा. कोंबड्यांचे पासपोर्ट तर त्याने अगदी शेवटपर्यंत धरून ठेवले होते. पासपोर्ट, पासपोर्ट, म्हणायचा आणि खोकायचा.

आता कसं झालं ते सांगते. सकाळी मी बेर्न्टकडे गेले. चप्पल घालून, बर्फातून, का तशी गेले मला माहीत नाही. मी काही बोलायच्या आत त्याने टोपी घातली. इथे मृत्यूची बातमी फोनवर देत नाहीत. सर्वांत जवळच्या शेजाऱ्याने दारोदार जाऊन उभ्याने सांगायची. ऐंशीच्या घरातला तो माणूस सायकलवरून दोन्ही देशांत फिरला. मग बायका आल्या, त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात मला काही करू दिलं नाही. मी दहा महिने ज्यांच्याकडे पडद्याआडून बघत होते त्या बायका माझे कप कुठे असतात ते न विचारता काढत होत्या. तेव्हा मी रडले.

पेटी निघाली तेव्हा बेर्न्ट म्हणाला, रेघेवरून नेऊ या, माझ्या वडिलांनी नेली तशी. आता तार नाही, पहारा नाही, कोणी अडवत नाही, गरजच नाही. तरी तिघं त्या बाजूने चालले, तिघं या बाजूने. दगडापाशी सगळे थांबले. मी मागून चालत होते, एक पाय इकडे, एक तिकडे.

तुला फोन केला नाही. चार वेळा नंबर लावला आणि ठेवला. तुझ्या दारात उभं राहून सांगेल असं कोणी मला विंडसरमध्ये सुचेना. मग वाटलं, पत्र निदान दारात तरी येतं.

चारू, जी माणसं जवळ आहेत त्यांच्याकडे चालत जावं. एवढंच सांगायचं होतं. विनोद करायला हरकत नाही, जाता जाता कर.

लता

*

विंडसर
१८ फेब्रुवारी २०१८

तीर्थस्वरूप लताताईस,

पत्र मिळताच केलेल्या फोनवर मी तुला काही बोलू शकलो नाही, आणि तूही माझ्या न बोलण्याचं वाईट वाटून घेतलं नाहीस. म्हणून आता लिहितो.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. मग शीलाच्या देवघरातून वाटी घेतली, तांदळाला कुंकू लावलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि कोटाच्या खिशात ठेवलं. लाल टोपी घातली. शीला म्हणाली, ‘कुठे निघालात?’ मी म्हटलं, ‘जहाजं बघायला.’ ती म्हणाली, ‘पासपोर्ट घेतलात का?’

बोगद्याच्या बसमध्ये मी चढलो. दीड वर्ष शीलाला ज्या बसमध्ये चढवून दिलं ती आतून कशी असते ते पहिल्यांदा पाहिलं. बोगद्यात मध्यावर भिंतीला दोन झेंडे आहेत, रेघ तिथे. बस थांबत नाही. मला हेंकची पेटी आठवली. मनातल्या मनात थांबलो.

पलीकडे तपासणी. तरुण अधिकारी, आवाजात झोप.

‘खिशात काय आहे?’

‘तांदूळ.’

‘तांदूळ कशाला?’

‘आमंत्रणाला.’

‘कोणाच्या?’

‘मुलाला द्यायचं आहे. माझ्या वाढदिवसाचं.’

‘तुम्ही येताय हे त्याला माहीत आहे?’

‘नाही.’

त्याने माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. ‘लाल का आहे?’ म्हणाला. आता याला काय सांगणार. म्हटलं, ‘आमच्यात आमंत्रण लाल असतं.’ त्याने हातमोजे घातले आणि म्हणाला, कच्चं धान्य नेता येणार नाही, सर. आणि पिशवी ठेवून घेतली. ‘सर’ म्हणाला, हे सांगतो. पण पिशवीला भोक होतं. ते मला नंतर कळलं. कोटाच्या खिशाच्या शिवणीत काही दाणे अडकून राहिले होते. तुझ्या गावाच्या तस्करांत माझंही नाव घालायला सांग.

काँडोच्या दारात राजस आला आणि मला बघून पांढरा पडला. ‘बाबा? आई ओके आहे ना?’ बघ, तुमचा कायदा त्यालाही ठाऊक. दारात माणूस येऊन उभा राहिला की कोणीतरी गेलेलं असतं.

मी म्हटलं, ‘आई ठीक आहे. मी शेजार मागायला आलोय.’

‘व्हॉट?’

‘३१ मार्चला माझी एकसष्टी आहे. तू ये. ऊर्मीला घेऊन ये.’ आणि खिशात बोटं घालून शिवणीतले तीन दाणे काढून त्याच्या तळहातावर ठेवले. ‘बाकीचे त्या साहेबाकडे आहेत,’ म्हटलं, ‘त्यालाही बोलावणं गेलं असं समजू.’

तो दाण्यांकडे बघत उभा राहिला. लहानपणी दात पडला की असाच हातात घेऊन उभा राहायचा. आतून ऊर्मीचा आवाज आला, ‘अरे, बाबांना आत तरी घे. बाबा, बूट राहू द्या.’ मी बूट काढले. फरशी गार होती.

खिडकीत कंदील. जवळून बघितला तर कागद विटून गेलेला, एका बाजूने चिकटपट्टी. ऊर्मी म्हणाली, ‘दोन दिवाळ्या झाल्या, हा काढूच देत नाही.’ आणि कंदिलाखाली तीन पायांवर दुर्बीण. मी डोळा लावला. नदी, बर्फ, आमचा काठ. दिव्याचा खांब. खांबाखाली बाक, त्यावरचा बर्फ एकाच माणसापुरता झाडलेला.

‘ही कशाला?’ मी विचारलं.

‘जहाजं बघायला,’ राजस म्हणाला.

ताई, फेब्रुवारी आहे.

मी म्हटलं, ‘हो. मीसुद्धा.’

मग ऊर्मीने चहा टाकला.

आता तुझं. बेसमेंट रिकामं आहे. वेगळं दार आहे, फरशी गरम आहे. या पाकिटात अक्षता आहेत. इथून तुझ्या घरापर्यंत मला चालत येता येत नाही, नाहीतर आलो असतो. लताताई, तुझ्याकडे शेजार मागतोय. कायद्याचा दुसरा अर्धा भाग तुला पाठ आहे.

चारू

*

हाखेवेल्ड
११ मार्च २०१८

प्रिय चारू,

टपालाच्या यंत्रात तुझ्या अक्षतांचं पीठ झालं. पाकीट उघडलं तर तुझं सगळं पत्र गुलाबी. तू पाठवलेला पहिला गुलाब, जो मला आवडला.

बेर्न्ट बसला होता. कागद गुलाबी बघून त्याने टोपी हातात घेतली आणि विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, कोणी नाही, बोलावणं आहे. त्याने टोपी ठेवली आणि कोंबड्यांचा विषय काढला. कोंबड्या त्याच्याकडे, चावी अध्यक्षीणबाईंकडे. परत कधी ते विचारलं नाही कोणी, मीही सांगितलं नाही.

विमान डेट्रॉइटला उतरतं. राजस न्यायला येतो म्हणाला, म्हणजे मी आधी त्या काठावर. तू संध्याकाळी बाकावर जाऊन बस, लाल टोपी घालून. मी कंदिलाखालून बघते, जहाजं सुरू झाली का.

लताताई